प्रदक्षिणेची फाइल

माणूस पेन ड्राइव्ह घेऊन दुकानाची पायरी चढला, की करुणाला त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळायचं, आज मूर्खपणाची कोणती नवी जात बघायला मिळणार. हिंगोलीत हल्ली जो तो लाइटवाला झाला होता. मोबाइलवरच्या कुठल्यातरी ग्रुपमधून नाचत्या दिव्यांची फाइल उतरवायची; ती किती दिव्यांची, ते चालवणाऱ्या कोणत्या कंट्रोलरची, कुठल्या मापाच्या बोर्डासाठी केलेली, कशाशी काही देणंघेणं नाही. करुणाच्या टेबलावर ती आपटायची आणि म्हणायचं, "ताई, एवढी आपल्या कमानीवर चालवून द्या." जणू फाइल म्हणजे पायजमा, नाडी आवळली की कुणालाही बसतो. परवाच एकानं देवीच्या मंडळासाठी मोर आणला होता. त्याचा बोर्ड इतका बुटका, की त्यात मोराचे पाय मावले आणि मोर वरच राहिला. तरी तो गृहस्थ म्हणत होता, "चालतंय, लोक समजून घेतील."

घट बसायच्या आदल्या दिवशी शंकरसिंग आला. हा साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा. सेनगावात त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि तिथं बसून तो गावभराचे फॉर्म भरून द्यायचा. त्यामुळे आपल्याला कॉम्प्युटर येतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

"ताई, हे बगा. अमेरिकेचं हाय," तो पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाला. गुप्तधन सापडल्यासारखा त्याचा आवाज खाली आला होता.

करुणानं फाइल उघडली. पडद्यावर बर्फ पडायला लागला. लाल डगल्यातला एक दाढीवाला म्हातारा पाठीशी पोतं टाकून बिनचाकाच्या गाडीत बसला होता आणि आठ हरणं ती गाडी ओढत होती.

"शंकरसिंगभाऊ, हे नाताळचं आहे."

"मालूम हाय ना. आमाला तांड्यावर दिवाळीला लावायचं हाय. हरणाचे बैल करून द्या."

"आणि या म्हाताऱ्याचं काय करू?"

"त्याला फेटा टाका. दाढी असू द्या, आमच्या आज्यालाबी दाढी व्हती. पाठीशी गोणी तर हायच, मिठाची म्हनू. आमचे लोक असेच जायाचे की ताई, म्होरं बैलांची रांग, मागं माणूस. फकस्त बर्फाचं काय करायचं, ते तुमी बगा."

"बर्फाचं मीठ करते," करुणा तोंड वाकडं करून म्हणाली.

"व्हय!" शंकरसिंगचा चेहरा उजळला. "गोणीतून सांडलेलं मीठ! वा ताई, म्हणून तर तुमच्याकडं येऊन राहिलो."

या माणसाला टोमणाही लागत नाही, याचा तिला जास्त राग आला. दसऱ्यानंतर या म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. जाता जाता तो खुंटीवरच्या जुन्या लाकडी ड्रमाकडे पाहून थबकला. त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. हा ड्रम मोटरवर फिरायचा आणि पट्टी ज्या तारेला टेकेल तो दिवा लागायचा. कॉम्प्युटर येण्याआधी करुणाच्या वडलांनी, मुंजाजींनी, अर्ध्या जिल्ह्याला याच ड्रमावर धावते दिवे दाखवले होते.

"बाबाची तब्येत?" शंकरसिंगनं विचारलं.

"आहे तशीच."

"त्यांनीच आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमदी ते लाइटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं व्हतं. सेवालाल जयंतीला. अजून हाय त्याच्यात. म्या काईच काढत नसतो."

करुणानं मान हलवली आणि पुढच्या पेन ड्राइव्हकडे वळली. काढत नसतो म्हणे. कचराही काढत नसेल.

तिच्या या तोऱ्याला कारण होतं. डिप्लोमा करून तिनं पाच वर्षं पुण्यात एका मोठ्या कार्यक्रमवाल्यांकडे काढली होती. तिथं ती मंचासमोर, मधोमध, टेबलाशी बसायची आणि एका बोटासरशी वीस हजार दिवे गाण्याच्या ठेक्यावर हलवायची. दोन वर्षांपूर्वी मुंजाजींना लकवा झाला आणि तिला परत यावं लागलं. त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकच शब्द उरला, "हां". पाणी हवं असलं तरी हां, नको असलं तरी हां. डॉक्टरांनी करुणाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो हा शब्दही ठेवणार नाही.

लकवा आला तो धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या, म्हणजे दसऱ्याच्या, चार दिवस आधी. त्या वर्षी मुंजाजींनी विहारासाठी नवी कमान बांधली होती, लोखंडी जाळीची, अडीच हजार दिव्यांची, स्वतःच्या हातानं. आणि पंचावन्न वर्षांच्या वयात शिकलेल्या कॉम्प्युटरवर तिच्यासाठी एक फाइल केली होती: मधे स्तूप, आणि पांढऱ्या साड्यांतल्या सात बायका हातात मेणबत्त्या घेऊन त्याला प्रदक्षिणा घालताहेत, वस्तीतल्या बायकांनी म्हटलेल्या त्रिशरणाच्या लयीवर पाऊल टाकत. कमान दवाखान्याच्या गडबडीत गोडाऊनमध्ये गेली, तिच्यावर ताडपत्री पडली. ज्या लॅपटॉपवर फाइल केली त्याच्या पोटात उंदरांनी संसार मांडला. उरला एक पेन ड्राइव्ह, आणि त्यातली फाइल कुठल्याच नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हती. करुणानं दोन वर्षांत तीनदा डोकं आपटून पाहिलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहार समितीचे सचिव रविंद्र सर आले. खिशाला दोन पेन, आणि दोन्ही कधी उघडलेले कुणी पाहिले नव्हते.

"जय भीम, करुणाताई. यंदाच्या कमानीबद्दल बोलायचं होतं. तुमच्या आईकडून पेन ड्राइव्ह घेऊन मुंजाजीकाकांची ती फाइल मी माझ्या साडूला पाठवली होती. पुण्याला आयटीत आहे. तो म्हणतो, फाइल खराब आहे."

"आयटीत कुठं आहे? कॅन्टीनमध्ये?"

सरांनी ते ऐकलंच नाही. "आता राग मानू नका, पण वस्तीत सगळेच म्हणतात. काकांचं त्या काळात जरा…" त्यांनी कानशिलाजवळ बोट फिरवलं. "म्हणजे लकव्याच्या आधीपासूनच. सहा महिने एकटेच त्या लॅपटॉपसमोर बसून बायकांची पावलं मोजायचे. त्यातून काय निघणार? आपण यंदा तयार कमान भाड्यानं आणू. चक्र, कमळ, सगळं येतं त्यात."

करुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाच्या बहिणीच्या लग्नात बाबांनी मांडवभर दिवे लावले होते, तेव्हा बाबांचं डोकं ठिकाणावर होतं!

"कमान बाबांचीच लागेल," ती म्हणाली. "आणि त्यांनी केलेलंच चालेल. दसऱ्याला संध्याकाळी सात वाजता. तुम्ही फक्त भाषण लहान करा."

बोलून बसली, पण फाइल उघडायची कशी? रात्रभर तळमळून पहाटे तिला एकच वाट दिसली, आणि ती सेनगावला जात होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते काही खोटं नाही, असं स्वतःशी पुटपुटत तिनं स्कूटी काढली.

शंकरसिंगचा कॉम्प्युटर दुकानाच्या कोपऱ्यात होता. वर फुलाफुलांचा टॉवेल, पुढ्यात उदबत्ती. टॉवेल काढताना त्यानं आधी हात पुसले. करुणाला हसू आवरेना. डबडं सुरू व्हायला चहा येऊन संपेपर्यंत वेळ लागला. पण पडद्याच्या कोपऱ्यात बाबांच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरचं चिन्ह खरंच होतं, आणि पेन ड्राइव्ह लावून दोनदा टिचकी मारताच जी फाइल दोन वर्षं दार उघडत नव्हती ती मुकाट्यानं उघडली.

आधी काळा पडदा. मग आवाज.

"हं. एक, दोन, तीन."

मुंजाजींचा आवाज होता. बायकांना इशारा देताना तो ध्वनिमुद्रणात आला होता आणि त्यांनी तो कापला नव्हता. करुणानं दोन वर्षांत बापाच्या तोंडून 'तीन' ऐकला नव्हता. तिनं फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. शंकरसिंग टॉवेलची घडी करत बाहेर गेला आणि गिऱ्हाइकांना उगाचच ओरडून सांगू लागला, की झेरॉक्स मशीन बंद आहे.

मग तिनं काम सुरू केलं. जुन्या सॉफ्टवेअरमधून एकेक चित्र सुटं करून बाहेर काढलं, आपल्या लॅपटॉपवर घेतलं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा ओळीनं लावलं. पहिल्यांदा चालवलं तर बायका शेवटची एसटी चुकल्यासारख्या पळायला लागल्या. बाबा सेकंदाला वीस चित्रं धरायचे, नवं सॉफ्टवेअर पंचवीस धरत होतं. तिनं ते बदललं. तरी चौथ्या फेरीपासून पाऊल त्रिशरणाच्या मागं पडायला लागलं, तेव्हा तिनं एकेक पाऊल मोजून जागेवर बसवलं. तीन दिवस लागले, सेनगावच्या चार खेपा झाल्या. शेवटी पावलं लयीवर पडू लागली तेव्हा तिची छाती भरून आली. रविंद्र सरांच्या साडूला हे जन्मात जमलं नसतं, हेही तिनं मनात म्हणून घेतलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की बायका उलट्या फिरताहेत.

स्तूप त्यांच्या डाव्या हाताला होता. ज्याला प्रदक्षिणा घालायची त्याला उजव्या हाताला ठेवायचं, हे विहारात रांगणाऱ्या लेकरालाही ठाऊक असतं. सहा महिने खपून, पावलापावलाला लय लावून, बाबांनी अख्खी प्रदक्षिणा उलटी काढली होती. करुणानं पुन्हा पाहिलं. उलटीच.

तिला रविंद्र सरांचं ते कानशिलाजवळ फिरणारं बोट आठवलं. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. तेव्हाच बाबांचं काहीतरी सुटत चाललं होतं, आणि ती पुण्यात दिवे नाचवत बसली होती. तिला बापाची कीव आली. त्या किवेत थोडी तुच्छता मिसळलेली होती, पण तेव्हा तिला ती दिसली नाही. ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये अख्खं चित्र डावं-उजवं पालटायचं एक बटण होतं. ते दाबलं की बाबांची अब्रू झाकली जाणार होती.

दाबायच्या आधी तिनं बाबांना एकदा त्यांचं मूळ काम दाखवलं. चाकाच्या खुर्चीसमोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला. आई, पद्माबाई, पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली. "एक, दोन, तीन" ऐकून ती खुर्चीशेजारी येऊन बसली. मुंजाजींचा डावा डोळा वाहायला लागला.

"बाबा, सगळं छान आहे," करुणा लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली. "फक्त बायका उलट्या झाल्यात. स्तूप डावीकडे आलाय. मी सुलट्या करते, हां?"

"हां," मुंजाजी म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, "हां! हां!" आणि डावा हात पुढं करून त्यांनी लॅपटॉपचा कोपरा धरला आणि तो ढकलत ढकलत फिरवला, पडदा भिंतीकडं आणि पाठ करुणाकडं होईपर्यंत.

"नका बघू मग," करुणा म्हणाली. "दमला असाल."

"बराबर हाय की ते," पद्माबाई म्हणाली. "आसंच तर दिसतं."

"आई, प्रदक्षिणा डाव्या हातानं घालतात का?"

"तसं न्हाई. पण दिसतं ते आसंच."

"तुला यातलं काय कळतं?" करुणा म्हणाली आणि लॅपटॉप उचलून आत गेली. आईचं सगळं आयुष्य जाळीला दिवे बांधण्यात गेलं. तिला बटणं, चित्रं, वेग यातलं काय कळणार होतं? तिनं ते बटण दाबलं. सातही बायका एका क्षणात सुधारल्या.

दसऱ्याला दुपारी कमान विहारासमोर उभी राहिली. जाळीचे पाय मांडववाल्यांनी रोवले, वर ताणे दिले. करुणानं कंट्रोलरमध्ये मेमरी कार्ड घातलं, अडीच हजार दिवे एकदम पांढरे लावून पाहिले. कडक ऊन होतं, तरी एकही दिवा मेलेला नाही एवढं दिसलं. बाबांच्या गाठी दोन वर्षांनीही पक्क्या होत्या.

"येकदा चालवून पाय ना," पद्माबाई म्हणाली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? पडद्यावर दहादा पाहिलंय."

संध्याकाळी रामलीला मैदानाकडून जत्रेचे भोंगे ऐकू येत होते, पण वस्ती सगळी इथं होती. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, लेकरांच्या हातात निळे झेंडे. शंकरसिंगही बायकोला घेऊन आला होता आणि आपल्या कॉम्प्युटरमधून हे कसं निघालं ते अनोळखी माणसांना सांगत होता. करुणानं पहिल्या रांगेत मधोमध बाबांची जागा ठेवली होती. पण खुर्ची तिथं नेली की मुंजाजी डाव्या हातानं कमानीच्या मागं बोट दाखवत "हां, हां" करायला लागायचे. तीस वर्षांची खोड. शेवटी पद्माबाईनं खुर्ची कमानीमागं नेली, कंट्रोलरजवळ, आणि स्वतः पोत्यावर बसली. करुणा वैतागली, पण म्हणाली, बसू द्या तिथं अंधारात, हौसच आहे तर.

रविंद्र सरांनी छोटं भाषण केलं, म्हणजे फक्त पंचवीस मिनिटांचं. मग त्यांनी मोठ्या ऐटीत हात वर केला आणि पद्माबाईनं मागून खटका दाबला.

"हं. एक, दोन, तीन."

मुंजाजींचा आवाज भोंग्यातून वस्तीवर पसरला. म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहू लागली. जाळीवर स्तूप उजळला, तळापासून वर, हळूहळू. मग एकेक करून सात बायका आल्या. त्रिशरण सुरू झालं. पाऊल, लय, पाऊल, लय. मेणबत्तीच्या ज्योतीसुद्धा हलत होत्या. कुणीतरी "आगं माय" म्हणालं. करुणा हाताची घडी घालून उभी होती. रविंद्र सर कमानीकडं पाठ करून मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढत होते. त्यांना जाऊन विचारावं, कसा काय आहे तुमचा साडू, असं तिला वाटत होतं.

पहिल्या रांगेत निर्मलाबाई बसली होती. वय ऐंशीच्या पुढं. विहारात वंदना सांगायचा मान तिचा. तिनं डोळ्यांवर हाताची झापड धरली, मान इकडून तिकडं केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "करुणे, ह्या बाया उलट्या काहून फिरून राहिल्या?"

करुणानं पाहिलं. स्तूप बायकांच्या डाव्या हाताला होता.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग कुजबुज सुरू झाली. "मुंजाजीबाबाचंच केलेलं हाय म्हणं." "तरी सांगत व्हते, त्यांचं तवाच बिघडलं व्हतं." बायका मात्र शांतपणे, अगदी लयीत, उलट्या चालत राहिल्या.

मांडववाल्या गाढवांनी कमानच उलटी रोवली असणार, या एकाच विचारानं करुणा मागं धावली. त्यांना झाडायला तिनं तोंडही उघडलं होतं. पण कमानीमागं आली आणि तिथंच थांबली. इकडून जाळीतून सगळं दिसत होतं, आणि इकडून बायका बरोबर फिरत होत्या. स्तूप उजव्या हाताला. पडद्यावर तिनं दहादा पाहिलं होतं अगदी तसंच.

मुंजाजी डाव्या मुठीनं खुर्चीचा हात बडवत होते. "हां! हां! हां!"

"इकडून बराबर दिसून राहिलं, म्हणजे तिकडून उलटं झालं असंल," पद्माबाई खालच्या आवाजात म्हणाली. "वायरी मागं, गाठी मागं, मग माणूस म्होरून कसा बांधंल? ते इकडं उभे राहूनच बांधायचे. पयला दिवा ह्या बाजूनं, आपल्या डाव्या हाताचा. कागदावर बी तसंच काढायचे, अन् त्या लॅपटॉपमदी बी तसंच, मागून दिसतं तसं; म्होरून ते आपोआप सुलट व्हायचं. आमी दोघं जिंदगीभर इकडंच बसलो, बाई. मी तर त्यांची एक बी कमान म्होरून पायली न्हाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं. तू म्हनलीस, तुला काय कळतं."

बाबांनी लॅपटॉप का फिरवला होता, ते आता करुणाला कळलं. पडद्याची पाठ तिच्याकडं करून ते एवढंच सांगत होते, की इकडून बघ. जे बोट तिनं रविंद्र सरांच्या कानशिलाजवळ पाहिलं होतं, ते तिनंही फिरवलं होतं. सरांनी निदान उघडपणे फिरवलं. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की बापाकडं पाहवेना.

रविंद्र सर माइक घेऊन मागं आले. "काय झालं? लोक विचारताहेत. मी सांगतो, की मूळ फाइलमध्येच दोष होता, काकांची तब्येत तेव्हा ठीक नव्हती. लोक समजून घेतील."

हे सांगितलं असतं तर करुणावर काहीच आलं नसतं. वस्ती आधीपासून तेच म्हणत होती. तिनं सरांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"फाइल बराबर होती," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भोंग्यातून पुढं गेला. "मुंजाजीबाबांनी बराबर केली होती. मी शहाणपणा करून उलटी केली. बाबांनी सांगितलं, आईनं सांगितलं, मी ऐकलं नाही. दहा मिनिटं थांबा."

माइक परत देताना तिनं सरांना बजावलं, "आता भाषण करू नका." आणि नवल म्हणजे त्यांनी केलं नाही.

लॅपटॉप मांडीवर घेऊन ती आईच्या पोत्यावर बसली. पालटलेलं चित्र पुन्हा पालटलं, कार्डावर उतरवलं. तेच बटण होतं. कार्ड कंट्रोलरमध्ये सरकवून ती उठली.

"आई, बाबांना पुढं घेऊन जा. निर्मलाबाईच्या शेजारी जागा ठेवलीय."

पद्माबाईला ते समजलंच नाही. "मंग मागं कोण थांबंल?"

"मी आहे ना."

मुंजाजींनी लेकीकडं पाहिलं, मग कंट्रोलरकडं, मग जाळीच्या गाठींकडं. डाव्या हाताचं बोट उचलून त्यांनी वरच्या कोपऱ्यातली एक वायर दाखवली. तिची गाठ सैल झाली होती. करुणानं ती आवळली. मग त्यांनी हात खुर्चीवर ठेवला आणि पद्माबाईनं खुर्ची वळवून पुढं नेली. शंकरसिंग धावत येऊन चाकांना हात लावू लागला.

"भाऊ," करुणानं त्याला हाक मारली. "परवा या. बैलांचं बघू."

जाळीतून पुढचे चेहरे दिसत नव्हते, नुसते पांढरे ठिपके. खुर्ची जागेवर पोचली असेल एवढा वेळ जाऊ देऊन तिनं खटका दाबला.

"हं. एक, दोन, तीन," भोंग्यातून बाबा म्हणाले. स्तूप उजळला. बायका आल्या आणि चालू लागल्या. इकडून पाहिलं तर स्तूप त्यांच्या डाव्या हाताला होता. पुढं कुणी हसलं नाही. दुसऱ्या फेरीला वस्तीतल्या बायका भोंग्याबरोबर त्रिशरण म्हणायला लागल्या, आणि त्यात मधेच एक जाड, तुटका आवाज मिसळला, लयीच्या थोडा मागं.

"हां."

होकार की नकार, हे करुणाला या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही. ती पोत्यावर बसली, आणि उलट्या फिरणाऱ्या सात बायकांकडं पाहत राहिली.